पुरावा म्हणजे वाक्य

माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत कसा घडत जातो, हे शास्त्राच्या आधाराने सांगू शकणारा एकच माणूस आमच्या तालुक्यात होऊन गेला. ‘होऊन गेला’ हे सवयीने लिहिलं. सर हयात आहेत. जळगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात, सकाळी चालायला जातात, आणि त्यांची साखर आटोक्यात आहे असं ऐकतो. पण निवृत्त शिक्षकाबद्दल लिहायला बसलं की लेखणी आपोआप श्रद्धांजलीकडे वळते. ती वळू नये असा प्रयत्न मी करणार आहे.

शिंदखेडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही दोघे वीस वर्षं एकत्र होतो. मी मराठी शिकवायचो, सर बालविकास. बालविकास हा अकरावी-बारावीच्या कला शाखेचा विषय. तो घेतला की नापास होत नाही असा मुलांचा समज होता आणि तो खरा होता. त्यामुळे ज्यांना भूगोलाचे नकाशे जमत नसत ती दाढीमिशा फुटलेली पोरं मागच्या बाकावर बसून बाळ कितव्या महिन्यात मान धरतं ते लिहून घेत. मुलींना त्यातलं बरंचसं लहान भावंडं सांभाळून आधीच माहीत असायचं. त्या गुण मिळतात म्हणून ऐकून घेत.

या विषयात एक प्रकरण होतं: मानवी विकासाच्या आठ अवस्था. जन्मापासून म्हातारपणापर्यंत प्रत्येक टप्प्यावर माणसापुढे एक पेच असतो. विश्वास ठेवायचा की नाही, स्वतः करायचं की लाजून मागे राहायचं, मी कोण आहे, जवळ कोणाला करायचं, पुढच्या पिढीसाठी काय ठेवायचं, असे आठ पेच. पेच सुटला की पुढची पायरी. नाही सुटला तर माणूस तिथेच अडकतो, वय कितीही होवो. बाकीचे शिक्षक हे प्रकरण गाइडमधून शिकवतात आणि घरी जातात. सरांचा विक्षिप्तपणा एवढाच की त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

त्यांच्या लेखी माणसाला नाव, गाव, जात, पगार नव्हता. अवस्था होती. शिपाई घंटा द्यायला विसरला तर ते रागावत नसत. “दुसरी,” एवढंच म्हणत. मुख्याध्यापक प्रत्येक कागद तीनदा लिहायला लावत, म्हणून ते चौथीत, कामात आपण कमी पडू या भीतीत, अडकलेले. एसटीचा कंडक्टर सुट्टे देईना तेव्हा सरांनी त्याला विचारलं होतं, “लहानपणी तुमच्या आईने तुम्हाला वेळेवर दूध पाजलं नसावं, हो ना?” त्या दिवशी आम्ही उरलेले सहा किलोमीटर चाललो.

माझ्याबद्दलही त्यांचं निदान होतं. “तुम्ही सहावी, जवळ कोणाला करायचं ती, ओलांडलीच नाही. तुम्ही सगळं लांबून बघता, त्यावर चांगलं बोलता आणि घरी जाता.” मी ते दोन-तीन लग्नांत विनोद म्हणून सांगितलं. मला ते वर्णन आवडलंही होतं.

त्यांच्या खिशात शिंप्याची टेप असायची. बालकाच्या डोक्याचा घेर वयानुसार किती असावा याचा तक्ता त्यांना पाठ होता, आणि हाताशी येईल ते बाळ ते मोजत. बसस्टँडवर, बारशाला, दवाखान्याच्या बाकावर. बायकांना आधी वाटायचं की हे पोलिओचे डोस देणाऱ्यांपैकी आहेत, म्हणून त्या बाळाचं तोंड उघडून पुढे करत. सर मात्र डोक्याला टेप गुंडाळून “छान, त्रेचाळीस” असं म्हणत आणि निघून जात. मग बायका घाईघाईने बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावत. एकदा एका आजीने मला विचारलं, “मास्तर, तो माणूस टोप्या शिवस का?” मी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

बालविकासाच्या वर्गाच्या भिंतीवर त्यांनी आठ पायऱ्यांचं मोठं चित्र काढून घेतलं होतं. पहिल्या पायरीवर रांगतं बाळ, आठवीवर काठी टेकलेला समाधानी म्हातारा. चित्रकलेच्या सरांना म्हातारा म्हणून समोर दिसणारा एकच चेहरा सुचला, तो संस्थेच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष पाहणीला आले, चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आमचं आता संपलं का?” दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याला दाढी लावण्यात आली. मग तो कोणातरी महाराजांसारखा दिसू लागला आणि परीक्षेच्या दिवसांत पोरं त्याला हात जोडू लागली.

अशा माणसाच्या घरी सगळं बिघडलेलं असेल असा वाचकाचा अंदाज असेल. मीही तशी वाट पाहिली. पण त्यांचं घर चांगलं होतं. पत्नी पिंपळनेरला जिल्हा परिषदेच्या शाळेत होत्या, शनिवारी यायच्या, मोठ्याने हसायच्या. “आमचे हे अजून दुसऱ्याच अवस्थेत आहेत, टॉवेल स्वतः घेत नाहीत,” असं त्या चारचौघांत सांगत आणि सर गंभीरपणे मान हलवत, जणू मुद्दा तपासून पाहण्यासारखा होता. मुलगा शिकला, नोकरीला लागला, आईबापांना घेऊन गेला. सरांच्या सिद्धांताने त्यांच्या घराचं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते दुसऱ्यांच्या घराचं.

बालविकासाला वीस गुणांची एक वही असायची. कुटुंब-निरीक्षणाची. आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाची अवस्था ओळखायची आणि कारण लिहायचं. पद्धत अशी होती की ही वही कोणी लिहीत नसे. आदल्या वर्षीच्या मुलीकडून आणायची, नवा खाकी कागद घालायचा, नाव बदलायचं. ती मुलगीही कोणाची तरी उतरवून गेलेली असायची. त्यामुळे कितीतरी वर्षं आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं एकच कुटुंब होतं. वडील कष्टाळू, आई प्रेमळ, आणि आजोबा रोज संध्याकाळी नातवंडांना जवळ घेऊन बोधपर गोष्टी सांगतात. बाहेरचे परीक्षक येत, चहा घेत, सह्या करत.

एका वर्षी सर तपासायला बसले आणि थांबले. पेठेतल्या मारवाडी किराणा दुकानदाराच्या मुलाचे आजोबा, मेंढपाळाच्या मुलीचे आजोबा आणि आमच्या शिपायाच्या पुतण्याचे आजोबा एकाच वाक्यात एकच गोष्ट सांगत होते. शिपायाचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती आणि आयुष्यभर ते कोणाला जवळ घेतील असे नव्हते.

सर वर्गात गेले आणि म्हणाले, “या वर्षी वही खरी लिहायची. पंधरा दिवस घरात बघा. अवस्था लिहा आणि पुढे पुरावा द्या. पुरावा म्हणजे वाक्य. घरातला माणूस जे बोलला ते जसंच्या तसं, घरच्या बोलीत. वेळ आणि स्थळ घाला. शेवटी पालकांची सही.”

सर मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे. त्यांची बोली वेगळी आणि आमच्याकडची अहिराणी त्यांना अर्धीच कळायची. त्यामुळे वह्या आधी माझ्याकडे यायला लागल्या. मी शुद्धलेखन बघायचं आणि अवघड वाक्याचा अर्थ समासात लिहायचा.

त्या वह्या वाचताना मला बरीच वर्षं आलं नव्हतं इतकं हसू आलं, हे मी कबूल करतो. किराणा दुकानदाराच्या मुलाने वडिलांचा पुरावा दिला होता, “पैली गिराक देख.” वेळ: सकाळ, दुपार, संध्याकाळ. एका पोराने आजोबांना आठव्या अवस्थेत घालून लिहिलं होतं, “मन्हा चष्मा कोठे शे?” सरांना त्यात माणसाचा आयुष्यभराचा शोध दिसला आणि त्यांनी त्याला सतरा दिले. एका आजीने तर बोलणंच बंद केलं होतं. नातवाने प्रामाणिकपणे तिचं शेवटचं वाक्य नोंदवलं होतं, “आते काही बोलू नका रे, तो लिखी राह्यना.”

आणि मग रोहिणीची वही आली.

रोहिणी जवळच्या एका खेड्यातून यायची. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, फार बोलायची नाही, अक्षर सरळ. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो, म्हणून एवढं माहीत होतं की तिला बारावीनंतर धुळ्याला नर्सिंगला जायचं होतं आणि तिला अठरावं पूर्ण व्हायला अजून आठ महिने होते.

तिच्या वहीत घर एकत्र होतं. वडिलांचे थोरले भाऊ, त्यांना ती मोठे आबा म्हणायची, घरचा कारभार त्यांच्याकडे. त्यांचा मुलगा चौतिसाव्या वर्षात होता आणि त्याला मुलगी मिळत नव्हती. आमच्या भागात हल्ली हे घराघरात आहे. मुली कमी, आणि ज्या आहेत त्यांच्या घरच्यांना नोकरीवाला पाहिजे.

वही मला अजून बऱ्यापैकी आठवते.

मोठे आबा, वय अठ्ठावन्न. अवस्था सातवी, पुढच्या पिढीची काळजी. पुरावा: “आपली पोर तेसले देवानी, तेस्नी पोर आपले लेवानी. दोन्ही लगीन एकच मांडवमा.” वेळ: रविवार सकाळ. स्थळ: ओटा, जळगावकडचे पाहुणे आले होते तेव्हा.

वडील, वय त्रेचाळीस. अवस्था दुसरी. पुरावा: “दादा म्हनी तसं.”

आई, वय अडतीस. अवस्था समजली नाही. पुरावा: “माले कोन इचारस?”

स्वतः, वय सतरा. अवस्था पाचवी, मी कोण याचा पेच. पुरावा: “माले बारावीना पेपर देवू द्या.” वेळ: रोज. स्थळ: चूल.

मी ते वाचलं. त्यात काय लिहिलं आहे ते मला कळलं. साटंलोटं म्हणजे काय हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. आमची एक मुलगी तुमच्या मुलाला, तुमची आमच्या मुलाला. हुंडा नाही, शोधाशोध नाही. मी समासात बोलीतल्या वाक्यांचे अर्थ लिहिले, तिने चुकीची लिहिलेली एक वेलांटी दुरुस्त केली आणि वही सरांकडे दिली.

सरांनी लाल शाईने तपासली. मोठ्या आबांपुढे लिहिलं, ‘उत्कृष्ट पुरावा.’ वडिलांपुढे, ‘निदान अचूक.’ आईपुढे लिहिलं, ‘पुरावा अपुरा, आणखी एक वाक्य हवे.’ वही परत गेली आणि दोन दिवसांनी पुन्हा आली. आईच्या नावाखाली रोहिणीने एक ओळ वाढवली होती: ‘आई दुसरं वाक्य बोलत नाही.’ आणि तिच्या स्वतःबद्दलच्या नोंदीपुढे सरांचा शेरा होता, ‘सुंदर! पेच सुटण्याच्या मार्गावर.’ एकूण वीसपैकी एकोणीस. एक गुण पालकांची सही नाही म्हणून कापला होता.

मधल्या सुट्टीत मी म्हणालो, “सर, तुम्ही ती वही वाचलीत ना?”

“दोनदा. या वर्षातली सर्वोत्तम.”

“तिचं लग्न लावतायत. साट्यालोट्यात. सतरा वर्षांची आहे ती.”

सरांनी डबा बंद केला. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“गेल्या आठवड्यात. शुद्धलेखन बघताना.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

मी हसून म्हणालो की तुम्हीही वाचलीच होती. ते खरं होतं. त्यांनी वही उघडली. स्वतःच्या लाल शेऱ्यांकडे ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना लाज वाटली होती, हे मला त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या दिवशी खोलीतल्या दुसऱ्या माणसाला वाटली नाही.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, फाटकाच्या डाव्या हाताला, बालविवाह होत असेल तर कळवा म्हणून एक नंबर रंगवलेला होता. आम्ही दोघं रोज तो वाचत आत जायचो. पण मोठे आबा म्हणजे त्या खेड्यातून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाचा प्रवेश. जूनमध्ये आम्ही शिक्षक गावोगाव फिरतो, दहावी झालेल्या पोरांच्या घरी बसतो, आमच्याकडेच पाठवा म्हणून विनवतो. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि कुठेतरी अक्कलकुव्याच्या पलीकडे जातो. मोठे आबा दरवर्षी पोरं एकगठ्ठा आणून देत. मुख्याध्यापकांच्या कानावर मी ही गोष्ट घातली तेव्हा ते म्हणाले, “शाळेत जन्मतारखा मागेपुढे लावलेल्या असतात हो. खरं वय कोणाला माहीत?” जन्मतारखेचा दाखला त्यांच्याच कपाटात होता.

“मी पालकाला भेटतो,” सर म्हणाले. “सिद्धांत समजावून सांगितला तर माणूस ऐकतो. तुम्ही चला. मला त्यांचं बोलणं सगळं कळणार नाही.”

पुढच्या रविवारी मी मोटारसायकल काढली. सर मागे बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत ती वही. वाटेत मी म्हणालो, “वही कशाला घेतलीत?” ते म्हणाले, “पुराव्याशिवाय बोलायचं कसं?” मला त्याच वेळी गाडी थांबवता आली असती. दोन्ही बाजूंना कापूस चांगला उभा होता, रस्ता मोकळा होता, आणि आम्ही वेळेवर पोहोचलो.

मोठ्या आबांनी उठून स्वागत केलं. “या सर, बठा. आज आम्हना भाग्य.” ओट्यावर खाट टाकली होती. रोहिणीचे वडील बाजूला उभे राहिले, बसले नाहीत. रोहिणीने पाणी आणलं, आम्हाला पाहिलं, पिशवी पाहिली आणि आत गेली.

सरांनी सुरुवात आठ पायऱ्यांपासून केली. मी मधूनमधून बोलीत समजावत होतो. मोठे आबा लक्ष देऊन ऐकत होते. सातव्या पायरीवर सर म्हणाले, “या वयात माणसाला पुढच्या पिढीची काळजी लागते. तुम्ही इथे आहात.”

मोठ्या आबांचा चेहरा उजळला. “बराबर शे सर. मी तेच करी राह्यनू. घरना पोऱ्या, घरनी पोर, बठ्ठास्नं मार्गी लावनं. बाकी काय शे आपलं आयुष्य?” ते भावाकडे वळले. “आयक रे, सर काय सांगी राह्यनात.”

“हो दादा,” वडील म्हणाले.

“पण धोका असतो,” सर म्हणाले. “काळजीच्या नावाखाली माणूस साचतो. दुसऱ्याची पायरी आपण चढायला जातो. रोहिणी पाचवीत आहे. तिला सहावीत ढकललं तर पाचवी कायमची अर्धी राहते.”

“कोठे ढकलं तिले?”

आणि सरांनी वही उघडली. चष्मा लावला, पान काढलं, आणि तो पुरावा त्यांच्या असोद्याच्या हेलात मोठ्याने वाचून दाखवला. आपली पोर तेसले देवानी. वेळ, स्थळ, सगळं.

आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला.

“हाई कोनी लिखं?” मोठ्या आबांनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

“तिनंच. निरीक्षण उत्तम आहे तिचं. वीसपैकी एकोणीस आहेत.”

“एकोनीस?” ते म्हणाले. “एक काबर कापा?”

“पालकांची सही नाही.”

मोठे आबा हसले. वडीलही हसले, कारण मोठे आबा हसले होते. “मंग ते आम्हनाच चुकनं. सर, वही ठी जा. सगळा घर बठीसन वाचतस, सही करतस आन् धाडी देतस. चहा ल्या आते.”

चहा झाला, चिवडा झाला. मोठ्या आबांनी मला एकदाच विचारलं, “मराठीना सर, तुम्हनं काय म्हननं शे?” मी म्हणालो, “सरांनी सगळं सांगितलंच आहे.” निघताना मी आत पाहिलं. दारात आई उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काही विचारायचं होतं, किंवा मला तसं वाटलं. कोणीच काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर सर आनंदात होते. “वीस वर्षांत पहिल्यांदा पालकाने वही मागून घेतली,” ते माझ्या कानाशी ओरडून सांगत होते. “वाचतील हो ते. वाचलं की बदल होतो.” मी आरशात त्यांचा चेहरा पाहिला. मला बरंच काही कळत होतं आणि मी गाडी नीट चालवत होतो.

सोमवारपासून रोहिणी आली नाही. त्या खेड्यातल्या मुली म्हणाल्या की तिचं येणं बंद केलं आहे, फोन काढून घेतला आहे, आणि मोठ्या आबांनी ती वही ओट्यावर चार लोकांत वाचून दाखवली. वाचताना लोक हसले. वडिलांच्या वाक्याला सगळ्यांत जास्त. त्या दिवशी तिला आईने मारलं. आईने, हे ऐकून सर दोनदा “आईने?” असं म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, आई कोणत्या अवस्थेत असावी. मी म्हणालो, मला माहीत नाही. ते म्हणाले, “मलाही.” माझ्या माहितीत हे त्यांनी एकदाच कबूल केलं.

लग्न फाल्गुनात व्हायचं होतं, ते तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलं. पत्रिका शिक्षकांच्या खोलीत आली. दोन जोडपी, एक मांडव, खाली मोठ्या आबांचं नाव ठळक. सरांनी पत्रिका वाचली, घडी घातली, कपाटातून गुणांची यादी काढली आणि रोहिणीच्या नावापुढचे एकोणीस खोडून वीस केले. मी म्हणालो, “पालकांची सही नाही अजून.” हा विनोद मला का सुचला ते मला सांगता येणार नाही. सर हसले नाहीत.

लग्नाला आम्ही सगळा स्टाफ गेलो. जून पुढे होताच. वरण-बट्टी उत्तम होती. मोठ्या आबांनी माइकवरून नावं पुकारून मान्यवरांना टॉवेल-टोपी दिली. सरांचं नाव आलं तेव्हा ते पाहुण्यांना म्हणाले, “या आम्हनी पोरना सर. घरी ईसन सांगी गयात, माणूस घडस कसा.” सर उठले, त्यांनी टोपी घालून घेतली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि परत येऊन बसले. ती टोपी त्यांनी जेवण होईपर्यंत काढली नाही. त्यांना ती डोक्यावर आहे हे आठवत नसावं.

अक्षता झाल्यावर आम्ही आशीर्वाद द्यायला स्टेजवर गेलो. नवरा पंचवीस-सव्वीसचा, भांबावलेला, बरा वाटला. सर पुढे झाले आणि काहीतरी म्हणणार होते, पण त्यांना अवस्थाच सापडेना. रोहिणीने त्यांना वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळली.

“सर, बोर्डाच्या फॉर्मची तारीख वाढली का?”

“वाढली,” मी म्हणालो. “विलंब शुल्क घेऊन. अजून नऊ दिवस.”

“नऊ,” ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे नाही, मोठ्या आबांकडे पाहिलं. ते फोटोग्राफरला बोलावत होते. “मग मी बघते सर.”

फॉर्म ऑनलाइन असतो. नाव, आईचं नाव, फोटो, सगळं शाळेकडे असतंच. वर्गशिक्षकाने भरायला बसलं तर दहा मिनिटं लागतात. सरांनी मला दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा शुल्क स्वतः भरतो म्हणाले. मी म्हणालो, घरून कोणी आल्याशिवाय भरला तर उद्या आपल्यावर येईल. नवव्या दिवशी सर तीनच्या सुमारास जळगावच्या गाडीत बसून तिच्या सासरी गेले, एकटेच, यावेळी हातात काही न घेता. तिथल्या दारात त्यांना सांगण्यात आलं की सूनबाई माहेरी गेली आहे. ती माहेरी नव्हती. संध्याकाळी मुदत संपली.

नंतर मोठे आबा दाखला न्यायला आले. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात काय लिहायचं असं लेखनिकाने मला विचारलं. मी सांगितलं, नेहमीचंच लिहा. त्याने लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. वर्तणूक, चांगली. प्रगती, चांगली. जूनमध्ये त्या खेड्यातून अकरा मुलं आली आणि तुकडी वाचली.

त्याआधीच, मेअखेरीला, सर निवृत्त झाले. निरोप समारंभात अध्यक्षांनी त्यांना शाल पांघरली आणि माणूस घडवणारा शिक्षक म्हणून त्यांचा गौरव केला. मानपत्र मी लिहिलं होतं, ते चांगलं उतरलं होतं. उत्तर द्यायला सर उभे राहिले, त्यांनी कागद काढला, परत खिशात ठेवला आणि “धन्यवाद” म्हणून खाली बसले. त्यांना गहिवरून आलं असं सगळ्यांनी मानलं. मग मुख्याध्यापकांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केलं की यंदा बालविकासाचा निकाल शंभर टक्के लागला आहे. ज्यांनी अर्ज भरलेला नसतो ते विद्यार्थी निकालात धरत नाहीत.